अकरा महिने झाले, बोळकं अजून बोळकंच! (नागपूर)

चिऊताई | ११ मे, दुपारी २:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मुलगा आज अकरा महिन्यांचा झाला आणि तोंडात एकही दात नाही. खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं की नुसतं गुळगुळीत लागतं. लाळ मात्र पाचव्या महिन्यापासून गळतेय, दिवसाला सहा-सात लाळेरी ओली होतात. बाकी गुंड्या मजेत आहे. रांगतो, दिवाणाला धरून उभा राहतो, कूलरच्या जाळीत बोट घालायला धावतो. वरण-भात, मुगाची खिचडी, नाचणीची खीर, सगळं हिरड्यांनीच चेपून खातो.

मला त्रास दाताचा कमी आणि लोकांचा जास्त आहे. परवा महाल भागात मुंजीला गेलो होतो. भेटणारी प्रत्येक बाई आधी बाळाची हनुवटी धरून तोंडात डोकावत होती. एकीने तर चारचौघांत विचारलं, "काहून गं, कॅल्शियम देऊन नाही राहिली का तू?" जावेच्या मुलीला सहाव्या महिन्यात दोन दात होते, त्यामुळे घरातही रोज तुलना. शेजारच्या काकूंनी बाराक्षाराच्या (होमिओपॅथीसारख्या) गोळ्या आणून दिल्यात, त्या फ्रिजवर पडून आहेत. सासूबाई म्हणतात द्यायला काय जातंय. देऊ का? आणि दाखवायचंच झालं तर दाताच्या डॉक्टरला की लहान मुलांच्या?

तर्रीपोहे | ११ मे, दुपारी ३:०५

काहून घाबरून राहिल्या ताई. आमच्या पोट्ट्याला तेराव्या महिन्यात आला पहिला दात. आता सहावीत आहे, ऊस दातानं सोलून खाते.

निंबोणी | ११ मे, दुपारी ३:२२

माझ्या मुलीला दहाव्या महिन्यात कॅल्शियमचं सिरप सुरू केलं आणि पंधरा दिवसांत दात आला. करून पाहायला हरकत नाही.

महालकर | ११ मे, दुपारी ३:४०

निंबोणी, सिरप न देता पंधरा दिवस थांबला असतात तरी आला असता का, हे कसं कळणार? आमच्याकडे मुलाने कूलर दुरुस्त करून आणला त्याच संध्याकाळी नातीला दात दिसला. श्रेय मोटरवाल्याला देऊन मोकळे झालो.

(मुंज महालातली होती म्हणून सांगतो, ती चारचौघांतली बाई आमच्या वाड्यातली नव्हती.)

धंतोलीची आजी | ११ मे, संध्याकाळी ६:१५

चिऊताई, आधी घरात चौकशी कर. तुझ्या नवऱ्याला कधी आले, तुला कधी आले, आजोबांना कधी आले. आमच्या घरात सगळ्यांनाच उशीर. माझ्या थोरल्याला वाढदिवसाला एकही नव्हता. तेव्हा काही फोटोंचं एवढं नसायचं, म्हणून बरं. बोळक्याचं हसू दोन-चार महिने जास्त मिळतंय म्हण.

दंतकथा | ११ मे, रात्री १०:३०

मी लहान मुलांची दंतवैद्य, प्रॅक्टिस नागपुरातच. इथे बसून तपासणी होत नाही, पण ओपीडीत रोज जे सांगते ते लिहिते.

पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास, हे सरासरीचं बोलणं झालं. चौथ्या महिन्यात दात दाखवणारी मुलं असतात आणि वाढदिवसाच्या फोटोत नुसत्या हिरड्या दाखवणारीही असतात. आम्ही साधारण १३ महिने उलटले की 'उशीर' हा शब्द वापरतो आणि कारण शोधायला लागतो. त्याआधी नाही. २० दुधाचे दात पूर्ण व्हायला अडीच ते तीन वर्षं लागतात, आणि सुरुवात उशिरा झाली म्हणून पुढची गाडी बिघडते असं नाही.

आता कॅल्शियम. दुधाच्या दातांचे कोंब आईच्या पोटातच, सहाव्या आठवड्याच्या सुमारास धरू लागतात. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून त्यांत क्षार भरायला सुरुवात होते. बाळ जन्मतं तेव्हा पुढच्या दातांचा वरचा भाग जबड्यात बराचसा तयार होऊन बसलेला असतो. म्हणजे तुमच्या गुंड्याचा दात बनायचा राहिलेला नाही, वर यायचा राहिलाय. सिरप पाजून तो वर ढकलला जात नाही. आईचं दूध किंवा वरचं दूध, डाळ, नाचणी पोटात जात असेल तर वेगळं कॅल्शियम कशासाठी?

नुसता दात उशिरा असेल तर मी निवांत असते. दातासोबत आणखी काही दिसलं तर कान टवकारते. डोक्याची टाळू खूप मोठी, मनगटं जाड झालेली, उभं राहू लागल्यावर पाय बाकदार दिसताहेत, तर ड जीवनसत्त्वाची कमतरता. बाळ सुस्त, रडणं घोगरं, शौचाला घट्ट, कातडी कोरडी, जीभ मोठी, तर थायरॉइड. आणखी एक फार विरळा प्रकार आहे, एक्टोडर्मल डिस्प्लेसिया. त्यात केस विरळ, दात थोडे किंवा टोकदार, आणि मुख्य म्हणजे घाम येत नाही. थंड गावात हे लक्षात यायला वेळ लागेल, पण नागपूरच्या मे महिन्यात असं मूल पुन्हा पुन्हा तापतं आणि आईबाप तापाची औषधं देत बसतात. तुमच्या बाळाला मानेवर, डोक्यावर घाम येतो ना? मग हे डोक्यातून काढून टाका.

दोन प्रश्न. बाळ पूर्ण दिवसांचं होतं का? आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत का?

चिऊताई | ११ मे, रात्री ११:१०

बापरे, केवढं लिहिलंत. मनापासून आभार. घाम तर इतका येतो की उशी ओली होते.

गुंड्या ३५ आठवड्यांचा झाला होता. पाच दिवस काचेत होता, मग घरी आलो. त्याचा आणि दाताचा संबंध असेल असं डोक्यातही आलं नाही. थेंब सहाव्या महिन्यापर्यंत दिले, वरचं अन्न सुरू झालं तेव्हा बंद केले. खरं सांगायचं तर बाटली संपली आणि नवीन आणलीच नाही.

दंतकथा | ११ मे, रात्री ११:२५

मग तुमचा अर्धा धागा इथेच संपला. तो पाच आठवडे आधी आलाय, तेवढे वजा करून मोजायचं. दातांच्या हिशेबात तो अजून दहा महिन्यांचाही नाही. जावेच्या मुलीशी तुलना करणाऱ्यांना हे गणित घालून द्या.

थेंबांबद्दल बालरोगतज्ज्ञांना उद्या फोन करा. पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यायचे असतात, अन्न सुरू झालं म्हणून थांबत नाहीत.

उन्हाळी | १२ मे, सकाळी ९:००

एक बावळट प्रश्न. नागपुरात आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता? आमच्याकडे ऊन विकत घ्यायला लोक येतील अशी परिस्थिती आहे.

दंतकथा | १२ मे, दुपारी १:४५

बावळट नाही, मला आठवड्यातून दोनदा विचारतात. सांगा, मे महिन्यात तुम्ही अकरा महिन्यांचं बाळ उन्हात नेता? सकाळी आठलाच दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर चालू, ते थेट संध्याकाळी सहा-सातला उघडायचं. आणि तसंच करायला हवं, ४५ अंशात बाळाला बाहेर काढू नका. पण मग अंगाला ऊन लागलं कुठे? खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग नाही, जे किरण लागतात ते काच अडवते. म्हणून थेंब.

सक्करदऱ्याची | १२ मे, दुपारी २:३०

थेंबांवरून एक सांगते, जरा लक्ष देऊन वाचा. आमच्या मोठीला (४ वर्षांची) कमतरता निघाली म्हणून डॉक्टरांनी ६०,००० युनिटच्या छोट्या बाटल्या लिहून दिल्या. आठवड्याला एक. मी ऑफिसला, सासरे घरी. त्यांनी प्रेमाने रोज दुधानंतर एक दिली, सलग पाच दिवस. खोक्यावर औषधवाल्याने काही लिहून दिलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी ताबडतोब कॅल्शियमची रक्ततपासणी करायला लावली. निभावलं, पण ते दोन दिवस विचारू नका. उलट्या, बद्धकोष्ठ, भूक मरणं यांवर लक्ष ठेवा म्हणाले होते, तर पोरीने पोहे नको म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा.

तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिते. आणि बाळाच्या थेंबांतही कंपनीनुसार एका मिलीत किती युनिट हे बदलतं. बाटली बदलली की मात्रा परत विचारा.

निंबोणी | १२ मे, दुपारी ४:००

मी सिरपबद्दल लिहिलेलं मागे घेते. पण बाराक्षार तर निरुपद्रवी ना? साखरेच्याच गोळ्या.

महालकर | १२ मे, दुपारी ४:१०

साखरेच्याच असतील तर साखर द्या, स्वस्त पडेल.

दंतकथा | १२ मे, रात्री ९:५०

महालकर, साखर पण नको!

निंबोणी, गोळ्यांनी दात लवकर येतो याला आधार नाही. आणि दात यायच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गोष्टी निरुपद्रवी नसतात. अमेरिकेत अशाच होमिओपॅथीच्या 'टीदिंग' गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण गोळीगणिक कमीजास्त सापडलं होतं, तिथल्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये इशारा दिला. २०१८ मध्ये हिरड्या बधिर करणाऱ्या बेंझोकेनच्या जेलबद्दल दिला, दोन वर्षांखाली वापरूच नका म्हणून. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते, बाळ निळं पडतं. आपल्याकडे मेडिकलमधून कुणीही 'दाताचं जेल द्या' म्हणून घेऊन येतं.

हिरड्या शिवशिवत असतील तर स्वच्छ सुती रुमाल ओला करून फ्रिजमध्ये गार करा आणि चावायला द्या. टीदर असेल तर तोही फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नको. नाहीतर हात धुऊन बोटाने हिरडी चोळा. फुकट आहे आणि बाळाला आवडतं. चोखणीला मध लावून देऊ नका, वर्षाच्या आत मध नाहीच. गळ्यात मण्यांच्या माळा नकोत, तुटल्या की मणी घशात.

वैद्यगल्ली | १३ मे, सकाळी ७:२०

थोडी जुनी भर. काश्यपसंहितेत दात येण्यावर अख्खा अध्याय आहे, दन्तजन्मिक नावाचा. त्यात चौथ्या महिन्यात येणारे दात कमजोर आणि आठव्या महिन्यात येणारे सर्वगुणसंपन्न मानले आहेत. तेव्हा 'आमच्या मुलीला पाचव्यातच आले' म्हणून मिरवणाऱ्यांनी शास्त्राचा आधार घेऊ नये. आणि वाग्भटाने सांगून ठेवलंय की दात येताना होणाऱ्या तक्रारींत बाळाला उपचारांनी जेरीस आणू नये, दात आले की त्या आपोआप शमतात.

तर्रीपोहे | १३ मे, सकाळी ८:३०

वा! दात येताना ताप, जुलाब होतेच राजेहो. आमच्या घरी प्रत्येक पोट्ट्याला झाले.

रामदासपेठ_रात्रपाळी | १३ मे, सकाळी ११:०५

इथे मला थांबवत नाही म्हणून लिहितेय.

'आपोआप शमतात' म्हणूनच आम्ही थांबलो होतो. गेल्या मे महिन्यातली गोष्ट, मुलगी नऊ महिन्यांची. जुलाब सुरू झाले. आई म्हणाली दात येतायत, सासूबाई म्हणाल्या दात येतायत, खालच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या माझ्याही मुलांना असंच झालं. पहिल्या दिवशी सहा वेळा. दुसऱ्या दिवशी मी मोजणं सोडलं. संध्याकाळी डायपर बदलायला गेले तर तो कोरडा. दुपारपासून शू नव्हती. तेव्हा लक्षात आलं की ती रडतेय पण डोळ्यांतून पाणी येत नाहीये. डोळे आत गेलेले, टाळूवर खळगा. रात्री साडेअकराला सलाईन लागलं. इवल्याशा हाताला शीर सापडेना, तीन ठिकाणी टोचलं.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. आणि दात? पुढे दीड महिन्याने आला. शांतपणे, कुणाला न कळता.

दंतकथा | १३ मे, दुपारी २:१५

रात्रपाळी, बरं झालं लिहिलंत.

वैद्यगल्ली, वाग्भटाचा सल्ला औषधांचा भडिमार करणाऱ्यांसाठी आजही लागू आहे, त्यात वाद नाही. पण त्याचा अर्थ 'जुलाब अंगावर काढा' असा घेतला जातो आणि तिथे मुलं दगावतात. दात येताना लाळ, चिडचिड, चावायची हौस, रात्री दोनदा जास्त उठणं, अंग किंचित कोमट, इथपर्यंत ठीक. १००.४ च्या वर ताप, जुलाब, उलट्या यांचं खापर दातावर फोडायचं नाही. होतं काय, सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, त्याच वेळी बाळ रांगतं, फरशीवरचं सगळं तोंडात घालतं, आणि योगायोगाने त्याच वयात दातही येतात. चोर पकडला जातो तो शेजारी उभा असलेला.

आणि मे महिन्यात हात लावून ताप बघू नका. नागपुरात अंग तसंही तापलेलंच लागतं. थर्मामीटर लावा. जुलाब असतील तर ओआरएस पहिल्या तासापासून, दूध चालू, झिंक डॉक्टरांना विचारून. सहा-आठ तास शू नाही, तर थेट दवाखाना.

वैद्यगल्ली | १३ मे, दुपारी ३:००

मान्य. माझं वाक्य अर्धवट पोहोचलं. जुलाब-ताप असेल तर मीही थांबा म्हणणार नाही.

तर्रीपोहे | १३ मे, दुपारी ३:२०

मी पण गप बसतो बाप्पा.

चिऊताई | १६ मे, रात्री ९:१५

मधे येता आलं नाही. बालरोगतज्ज्ञांनी थेंब परत सुरू केले. टाळू, मनगटं, वजन पाहिलं, सगळं ठीक. जन्मानंतरचा थायरॉइडचा रिपोर्ट फाईलमध्ये सापडला, तो नॉर्मल होता.

आजींच्या सांगण्यावरून सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "मला चवदाव्या महिन्यात आले असं माय सांगायची. उशिरा आले आणि लवकर गेले," आणि कवळी काढून दाखवली. म्हणजे हे सगळं माझ्या माहेरच्या कॅल्शियमचं नव्हतंच! सासूबाई त्या दिवसापासून या विषयावर बोलल्या नाहीत.

चंद्रपूरकर | १७ मे, सकाळी १०:३०

विषयाशी थोडं अवांतर. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, मुलांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. त्याने दुधाचे दात उशिरा येतात का?

दंतकथा | १७ मे, दुपारी १:००

त्याचा मुख्य परिणाम पक्क्या दातांच्या रंगावर आणि पृष्ठभागावर होतो, म्हणून बोअरचं पाणी तपासून घ्या. बाळाचा पहिला दात लांबला तर आधी फ्लोराइडकडे बोट दाखवणार नाही. यावर वेगळा धागा काढा, मी येते.

चिऊताई | १९ जून, संध्याकाळी ७:४०

धागा वर काढतेय, घाबरले आहे. वरच्या हिरडीवर समोर निळसर-जांभळा फोड आलाय, साधारण तुरीच्या दाण्याएवढा. दाबला तर मऊ लागतो. बाळ जेवतंय, ताप नाही. काकू म्हणतात सुई तापवून टोचलं की आतला दात मोकळा होतो. खरंय का हे?

दंतकथा | १९ जून, संध्याकाळी ७:५२

सुई ठेवा! टोचू नका!

वर्णनावरून दात वर येताना त्याच्यावर द्रव किंवा थोडं रक्त साचतं, तसा फोड वाटतोय. दात आला की आपोआप फुटतो. पण बघितल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही. उद्या दाखवून या. खासगी नको असेल तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर जा. तसंही पहिल्या वाढदिवसाच्या आसपास एकदा दाखवायचंच असतं, दात असो वा नसो.

हिरडी कापून दात मोकळा करायचा प्रकार युरोपातही शेकडो वर्षं चालला, थेट सोळाव्या शतकापासून. त्यातून जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावाशिवाय फार काही मिळालं नाही.

चिऊताई | २० जून, दुपारी ३:३०

जाऊन आलो. तुम्ही म्हणालात तेच. डॉक्टरांनी मला बोट फिरवायला लावलं. इतके महिने मी हिरडीच्या नुसत्या कडेवरून बोट फिरवत होते. त्यांनी ओठ उचलून समोरच्या बाजूने हात लावायला सांगितला, तर तिथे दोन टेंगळं स्पष्ट लागली. दोन्ही वरचे! एक्स-रेची गरज नाही म्हणाले.

पण एक नवीनच भानगड झाली. फोनवर आईला सांगितलं तर ती एकदम शांत. मग हळूच म्हणाली, "वरचे आधी? मामाला जड असतं गं."

महालकर | २० जून, दुपारी ४:०५

मामाला जड म्हणजे मामाच्या खिशाला जड. आमच्याकडे चांदीचं काहीतरी द्यावं लागतं भाच्याला, मग दोष जातो. चांदीचा भाव बघता दोष परवडला.

धंतोलीची आजी | २० जून, संध्याकाळी ६:३०

माझ्या भावाच्या वाट्याला आलं होतं हे. पंच्याऐंशी वर्षांचा आहे, रोज फुटाळा तलावावर फिरायला जातो. मामाला सांग, काळजी करू नको, पण वाटी आण.

दंतकथा | २० जून, रात्री १०:१०

साधारण खालचे मधले दोन आधी, मग वरचे, हा नेहमीचा क्रम. वरचे आधी येणं हा फक्त क्रमातला फरक, आजार नाही. मामांच्या तब्येतीबद्दल माझ्या शाखेचं काही म्हणणं नाही.

चिऊताई | ४ जुलै, रात्री ८:५०

आला! उजवीकडचा, वरचा. वाढदिवस होऊन तीन आठवडे झालेत. फोड परवा फुटला, थोडं रक्त आलं रुमालाला, आणि आज सकाळी ओठ उचलला तर पांढरी कड. करवतीसारखी आहे हो, बारीक दात्यांची. तशीच असते का? दुसरा पण डोकावतोय. दूध पिताना त्याने चावून पाहिलं, मी किंचाळले, तो हसला.

भाऊ रविवारी पुण्याहून येतोय. इतवारीच्या सराफ्यात जायचं ठरलंय. आईने वाटी सांगितली होती, तो म्हणतो चमच्यावर भागव.

आता घासायचं काय आणि कशाने?

दंतकथा | ४ जुलै, रात्री १०:०५

अभिनंदन! कड कधीकधी तशी दिसते, पुढे झिजून सरळ होते.

आजपासूनच घासायचं. लहान मऊ ब्रश, त्यावर फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी लांब लड नाही. रात्रीचं घासणं चुकवू नका. आणि झोपताना तोंडात दुधाची बाटली राहू देऊ नका, वरचे पुढचे दात त्यानेच आधी किडतात. तुमच्याकडे तर सध्या आहेतच तेवढे.

तर्रीपोहे | ४ जुलै, रात्री १०:२०

चमच्यावर नका भागू देऊ ताई मामाले. वाटीच घ्या. एवढा वेळ वाट पाहिली पोट्ट्यानं.